आपत्तिसाहाय्याचा जमाखर्च व हजेरीपटाची साक्ष

इतिहाससंशोधकाचें पहिलें काम म्हणजे अस्सल कागद कोणता व मागाहून रचलेला कोणता हें ठरविणें. बखर आपण वाचतों, परंतु तिच्यावर सारा भार टाकीत नाहीं. रोजकीर्द, ताळेबंद, यादी किंवा निवाडपत्र हातीं आलें म्हणजे मात्र पायाखालीं खडक लागल्याचें समाधान होतें. हाच कस सरकारच्या आपत्तिसाहाय्याच्या खर्चास लावून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. दुष्काळ, महापूर, भूकंप अशा प्रसंगीं तिजोरींतून जो पैसा निघतो त्याचा हिशेब प्रजेनें पाहावा कीं नाहीं, आणि पाहावयाचा तर कोणत्या कागदावर, हा प्रश्न गेल्या दीडशें वर्षांत या देशांत वारंवार उपस्थित झाला. त्याचें उत्तर अखेरीस एका अगदीं सामान्य कागदापाशीं येऊन ठेपलें. तो कागद म्हणजे साहाय्यकामावरील मजुरांचा हजेरीपट, ज्यास खेड्यापाड्यांत आज मस्टर म्हणतात.

आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें: साहाय्यखर्च उघडा करण्याचा कोणताहि कायदा, मूळ हजेरीपट व मूळ पावती ज्यांच्या नांवावर खर्च पडला त्यांच्यापुढें जितक्या प्रमाणांत ठेवितो, तितक्याच प्रमाणांत तो खरा. निधीची घोषणा, वार्षिक अहवाल, अधिकाऱ्याचा दाखला हे सर्व दुय्यम पुरावे होत.

हा विचार आपल्याकडे परका नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्रावरील पोथी म्हैसूर येथें उजेडांत आली व १९०९ सालीं श्यामशास्त्री यांनीं तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत अक्षपटल म्हणजे दप्तरखान्याची रचना सांगितली आहे, वर्षाचे हिशेब आषाढांत आणून दाखल करण्याची मुदत घातली आहे, आणि राजद्रव्य हरण करण्याचे ४० प्रकार मोजून दाखविले आहेत. चौथ्या अधिकरणांत अग्नि, पूर, रोग, दुर्भिक्ष इत्यादि आठ महाभयें सांगून, दुर्भिक्षांत राजानें बीं व अन्न पुरवावें आणि अन्नाच्या मोबदल्यांत तटबंदीचीं व बांधबंधाऱ्यांचीं कामें काढावीं, असें म्हटलें आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें स्थळ दुसरेंच आहे. अधिकाऱ्यानें अपहार केल्याचा संशय आल्यास त्याच्या हाताखालच्या माणसांस एकेकट्यास विचारावें, आणि त्याच्या अंमलाच्या प्रदेशांत दवंडी पिटवावी कीं या अधिकाऱ्याकडून ज्यांची हानि झाली असेल त्यांनीं येऊन कळवावें. कळविणारास हानीप्रमाणें भरपाई द्यावी, असा तेथें विधि आहे. म्हणजे हिशेबाची वही व प्रजेचें तोंड हीं दोन साधनें एकमेकांशीं ताडून पाहण्याची युक्ति जुनी आहे.

महाराष्ट्रांत तर दुष्काळ म्हटला कीं मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. ही संतकथा, तिला आम्ही इतिहास म्हणत नाहीं. तथापि तींतील हिशेबाचा भाग ध्यानांत घेण्याजोगा आहे. दामाजीपंतांनीं बेदरच्या बादशहाचीं कोठारें भुकेल्यांस खुलीं केलीं. देवानें विठू महार होऊन धान्याची रक्कम बेदरास भरली. आणि भरून तो तसाच परतला नाहीं, रक्कम पोंचल्याची रसीद घेऊन आला. लोकांनीं चमत्कार सांगितला, पण त्यांतून पावती गाळली नाहीं. साहाय्य कितीहि पुण्याचें असो, त्याचा कागद पुरा पाहिजे, ही समज लोकमनांत खोल होती याचा हा दाखला होय.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. १८७६-७८ च्या दुष्काळांत सोलापूर, कलादगी, अहमदनगर, सातारा, पुणें हे दख्खनचे जिल्हे होरपळले. हिंदुस्थान सरकारनें सर रिचर्ड टेंपल यांस पाहणीस पाठविलें. त्यांनीं काटकसरीसाठीं मजुराची रोजी एक रत्तल धान्य व एक आणा इतकी खालीं आणिली. १८७७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामें सोडून या दराचा निषेध केला. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालीं स्थापन झालेली होती व गणेश वासुदेव जोशी, म्हणजे लोकांचे सार्वजनिक काका, तिचे आधारस्तंभ होते. सभेनें गांवोगांवची माहिती जमवून दुष्काळाचीं वृत्तें सरकारास सादर केलीं. सरकारी अहवालाशेजारीं लोकांकडचा अहवाल ठेवण्याचा हा आरंभींचा व्यवस्थित प्रयत्न म्हटला पाहिजे. परंतु कामावरचे पट व खर्चाच्या पावत्या सभेस पाहूं द्याव्या, असें बंधन सरकारवर कोणत्याहि कायद्यानें नव्हतें. सभेचें वृत्त एका बाजूस राहिलें, सरकारी वही दुसऱ्या बाजूस. दोहोंची गांठ पडली नाहीं.

याच दुष्काळानंतर दरसाल दीड कोटि रुपये दुष्काळाच्या विम्यासाठीं राखण्याचें सरकारनें जाहीर केलें व त्यासाठीं नवे कर बसविले. परंतु या रकमेची निराळी तिजोरी नव्हती. ती सर्वसाधारण उत्पन्नांत मिसळे. १८७८ सालीं अफगाण युद्ध उभें राहिलें, आणि दुष्काळाच्या नांवें घेतलेला पैसा युद्धाकडे व तुटीकडे वळला, असा आक्षेप हिंदी पुढारी पुढें वर्षानुवर्षें घेत राहिले. करदात्याच्या हातीं वचन होतें. वचनाची वही नव्हती.

सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या आयोगाचा अहवाल १८८० त आला, १८८३ त दुष्काळसंहितेचा मसुदा निघाला व त्यावरून प्रांतोप्रांतीं संहिता झाल्या. संकटाचीं चिन्हें कशीं ओळखावीं, कामें केव्हां काढावीं, मजुरी कशी ठरवावी, हें तींत लिहिलें होतें. परंतु ती संहिता अधिकाऱ्यांस दिलेली आज्ञा होती. रयतेच्या पदरीं घातलेला हक्क नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’तून तिच्या तरतुदी मराठींत समजावून दिल्या, आणि सार्वजनिक सभेचे प्रतिनिधि गांवोगांव जाऊन त्या सांगूं लागले. सरकारनें कांहीं प्रतिनिधींवर खटले भरले व १८९७ त सभेची मान्यता काढून घेतली. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. संहिता छापलेली होती, गुप्त नव्हती. जो कागद ज्याच्यासाठीं होता त्याला तो त्याच्या भाषेंत वाचून दाखविणें, एवढाच काय तो नवा प्रकार. आणि राग आला तो त्याचाच.

१९१९ च्या सुधारणांबरोबर आलेल्या नियमांनीं प्रत्येक प्रांतावर दुष्काळासाठीं दरसाल ठराविक रक्कम राखण्याचें बंधन घातलें. त्यांत मुंबई इलाख्याचा आंकडा सर्वांत मोठा, ६३,६०,००० रुपये, होता. मध्यप्रांताचा ४७,२६,००० व संयुक्त प्रांताचा ३९,६०,००० होता. दीड कोटींच्या तोंडी वचनापेक्षां ही व्यवस्था निश्चित चांगली. तरी तिनें पैसा किती ठेवावा हें ठरविलें; तो खालीं कोणाच्या हातीं पडला हें पाहण्याची वाट रयतेस मोकळी केली नाहीं.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यांत साहाय्यकामांवर सुमारें ५० लाख मजूर होते. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं रोजगार हमीची कल्पना पूर्वींच मांडिली होती व सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांतील विसापूर भागांत तिचा प्रयोगहि केला होता. तिला कायद्याचें रूप महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ यानें दिलें. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. खर्चाच्या तरतुदीसाठीं १९७५ सालींच व्यवसायकर बसविण्यांत आला होता. साहाय्य ही सरकारची कृपा नसून काम मागणें हा मजुराचा हक्क आहे, हें या कायद्यानें मान्य केलें, ही फार मोठी गोष्ट होय. मात्र कामाच्या हिशेबाची प्रत हातीं मागण्याचा सामान्य हक्क कोणत्याहि नागरिकास अद्याप नव्हता.

ती पायरी महाराष्ट्राबाहेर, राजस्थानांत, चढली गेली. आणि तीहि दुष्काळी कामांवरूनच. तेथील १९६४ च्या एका राज्यकायद्यानें दुष्काळी कामांवरील मजुरांस कामगारकायद्यांच्या संरक्षणांतून वगळलें होतें. संजित राय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यांत १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, दुष्काळी कामावरील मजुरासहि किमान वेतन दिलेंच पाहिजे. टेंपलच्या एका रत्तलाला १०६ वर्षांनीं मिळालेलें हें उत्तर. परंतु दर ठरला तरी तो पदरांत पडेना. तुझें काम मापांत कमी भरलें, असें मजुरास सांगण्यांत येई; माप ज्या पुस्तकांत लिहिलें तें मात्र त्यास दाखवीत नसत. राजसमंद जिल्ह्यांतील देवडुंगरी येथें राहून काम करणारे अरुणा रॉय, निखिल डे, शंकरसिंह प्रभृतींनीं गांवकऱ्यांसह १ मे १९९० रोजीं मजदूर किसान शक्ति संघटना स्थापिली. भांडण मजुरीचें असलें तरी पुरावा सगळा सरकारी दप्तरांत आहे, हें या मंडळींनीं ओळखलें.

२ डिसेंबर १९९४ रोजीं पाली जिल्ह्यांतील कोट किराना येथें संघटनेची पहिली जनसुनवाई झाली. मिळविलेल्या हजेरीपटांतील व बिलांतील नोंदी भर सभेंत मोठ्यानें वाचण्यांत आल्या. ज्यांचीं नांवें पटावर होतीं त्यांतील माणसें उठून सांगूं लागलीं कीं, आम्ही त्या कामावर गेलोंच नव्हतों. कागदावर पुरी झालेली इमारत गांवकऱ्यांच्या डोळ्यांपुढें अपुरी उभी होती. आमचा जन्म शाळेंत हजेरी घेण्यांत गेला, म्हणून या प्रकाराचें मर्म आम्हांस चटकन् कळतें. वर्गांत २५ मुलें बसलीं असतां पटावर ४० हजर मांडणें अवघड जातें, कारण पट मुलांपुढें पुकारला जातो. मूल स्वतः ‘हजर’ म्हणतें, नाहीं तर शेजारचें सांगतें कीं तो मामाच्या गांवीं गेला आहे. तोच पट खोलीचें दार लावून भरला तर वाटेल तितकीं मुलें हजर होतात. कोट किराना येथें एवढेंच झालें कीं पट पुन्हां वर्गांत आला. अर्थशास्त्रांतील दवंडीशीं या पद्धतीचें साम्य वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. फरक इतकाच कीं, तेथें दवंडी राजा पिटवी, येथें ती प्रजेनें पिटली.

एप्रिल १९९६ मध्यें ब्यावर येथें संघटनेनें धरणें धरिलें. तें ४० दिवस चाललें. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्या चळवळीची ओळख ठरली. त्याच वर्षीं न्यायमूर्ति पी. बी. सावंत हे अध्यक्ष असतांना भारतीय वृत्तपत्र परिषदेनें माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचा मसुदा तयार केला. २००० सालीं राजस्थानचा कायदा झाला. महाराष्ट्रांत अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा राज्यकायदा आला. केंद्राचा २००२ चा पहिला कायदा कधींच अमलांत आला नाहीं. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा मात्र १२ ऑक्टोबर २००५ पासून सर्व देशास लागू झाला. त्यावेळीं जम्मू-काश्मीर तेवढें वगळलेलें होतें.

या कायद्याचीं कांहीं कलमें संशोधकांनीं मुळांतून वाचावीं अशीं आहेत. दुसऱ्या कलमांत माहितीच्या अधिकाराची व्याख्या करितांना कागद पाहणें, काम पाहणें, प्रमाणित नकला घेणें व मालाचे नमुने घेणें या सर्वांचा समावेश केला आहे. चौथ्या कलमानें प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानें आपलीं सर्व दप्तरें सूचि व अनुक्रमणिका करून ठेवावीं असें बंधन घातलें, आणि अनुदानाच्या योजनांत किती रक्कम दिली व लाभ कोणास मिळाला हें कोणी न मागतां प्रसिद्ध करावें असेंहि सांगितलें. दप्तराची सूचि पाहिजे म्हणून आमच्यासारख्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ज्या विनवण्या केल्या, त्याच गोष्टीस येथें कायद्याचें बळ मिळालें. त्याच वर्षींच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या १७ व्या कलमानें ग्रामसभेकडे सामाजिक लेखापरीक्षणाचें काम दिलें. कोट किराना येथील रीत अशा प्रकारें कायद्याच्या पुस्तकांत आली.

येथें गोष्ट संपली असती तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. डिसेंबर २००५ मध्यें आपत्ति व्यवस्थापन अधिनियम झाला. त्याच्या ४६ व्या व ४८ व्या कलमांत राष्ट्र, राज्य व जिल्हा यांच्या निधींची तरतूद आहे. ५३ व्या कलमांत साहाय्याचा पैसा किंवा माल गिळणारास दोन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. ७० व्या कलमांत वार्षिक अहवालाची तजवीज आहे. परंतु थांबून वाचावें असें कलम ५० वें आहे. संकटसमयीं निविदा न मागवितां तातडीची खरेदी करण्याची मुभा त्यानें दिली, आणि खरेदीचा माल वापरला गेला असा अधिकृत अधिकाऱ्याचा दाखला हाच हिशेबापुरता वैध कागद वा पावती समजावा, असेंहि सांगितलें. पूर चढत असतां होड्या व ताडपत्र्या आणण्यास निविदांची वाट पाहावी, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. परंतु पूर ओसरल्यावर काय? होडी कोणाची होती, भाडें किती दिलें, ताडपत्री कोणत्या घरावर पडली, हें त्या दाखल्यांत असेलच असें नाहीं. आपण ज्यास दुय्यम पुरावा म्हणतों तोच येथें मुख्य पुराव्याच्या आसनावर बसविला आहे. घाईच्या दिवसांपुरती दिलेली सवलत हिशेबाच्या दिवशींहि चालूं ठेवण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

निधींचाहि प्रश्न पुन्हां निघाला आहे. मार्च २०२० मध्यें सार्वजनिक धर्मादाय न्यास म्हणून निघालेला पीएम केअर्स निधि हा माहितीच्या अधिकाराखालील सार्वजनिक प्राधिकरण नव्हे, अशी भूमिका प्रधानमंत्री कार्यालयानें त्याच वर्षीं घेतली. न्यासानें लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध केले आहेत, हेंहि नमूद केलें पाहिजे. कायदेशीर निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. परंतु दीड कोटींच्या दुष्काळविम्याविषयीं १८७८ नंतर जो प्रश्न विचारला गेला त्याच जातीचा हा प्रश्न आहे: साहाय्याच्या नांवें जमलेल्या पैशाची मूळ वही कोणास पाहतां यावी?

याहून नाजुक गोष्ट हजेरीपटाचीच आहे. २००५ च्या कायद्याच्या ८ व्या कलमांत खाजगी माहिती नाकारण्याची सोय होती. पण ती माहिती सार्वजनिक कामाशीं असंबद्ध असली किंवा ती दिल्यानें खाजगी आयुष्यावर अकारण आक्रमण होत असलें तरच, आणि व्यापक लोकहित आड येत नसेल तरच. शिवाय संसदेस किंवा विधिमंडळास जी माहिती नाकारतां येत नाहीं ती कोणाहि माणसास नाकारूं नये, असें परंतुकहि होतें. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या ४४ व्या कलमानें ही सारी मोजमाप काढून नुसते ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द ठेविले. लोकहित अधिक असेल तर माहिती देतां येईल अशी ८ व्या कलमाची दुसरी पोटकलमी वाट उरली आहे. पण त्या वाटेवर तोलकांटा अधिकाऱ्याच्या हातीं आहे. आतां हजेरीपट म्हणजे तरी काय? नांवें, दिवस, पैसे, अंगठे. नांव ही वैयक्तिक माहिती म्हणून झांकलें, तर मेलेला मनुष्य कामावर हजर होता कीं काय हें विचारणार कोण? आपद्ग्रस्ताच्या रोगाची किंवा कुटुंबांतील दुःखाची नोंद चव्हाट्यावर मांडूं नये, हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु सार्वजनिक पैशांतून कोणाच्या नांवें किती रक्कम पडली ही त्या जातीची नोंद नव्हे. आणि तें नांव ज्याचें आहे त्याचेंच रक्षण तें वाचल्यानें होतें.

म्हणून नवा कायदा व्हावयाचा असेल तर त्यानें चार गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहाव्या असें आम्हांस वाटतें. साहाय्याची नांवनिशीवार यादी जागेवर लावावी व सभेंत वाचावी. तातडीच्या खरेदीचा दाखला चालेल, पण संकट टळल्यावर ठराविक मुदतींत मूळ पावत्या त्यास जोडाव्या. साहाय्याच्या नांवें पैसा घेणारा कोणताहि निधि वही दाखविण्यास बांधलेला असावा. आणि या कागदांपैकीं एकहि २० वर्षांच्या आंत नष्ट करूं नये.

ही शेवटची मुदत आम्ही सहज घातलेली नाहीं. माहितीच्या अधिकाराच्या ८ व्या कलमाची तिसरी पोटकलम सांगते कीं, २० वर्षांपूर्वीं घडलेल्या गोष्टीविषयींची माहिती, देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद वगळतां, मागणारास दिलीच पाहिजे. वैयक्तिक माहितीची सबब तेथें लागत नाहीं. याचा अर्थ असा कीं १९७२ च्या दुष्काळाचे पट किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या साहाय्याचे कागद आज कोणीहि मागूं शकतो. ते शिल्लक असले पाहिजेत एवढेंच. कागद वाळवीनें खाल्ला किंवा रद्दींत गेला तर कायद्याचें दार उघडेल आणि आंत खोली रिकामी असेल.

आपले वाचक सनदा, महजर व पोथ्या यांसाठीं वाडे धुंडाळतात. त्यांनीं आतां तालुक्याच्या कचेरींतील व ग्रामपंचायतीच्या कपाटांतील हजेरीपटांकडेहि पाहावें, अशी आमची विनंति आहे. कोणत्या वर्षाचे पट कोठें आहेत याची साधी यादी करावी. अर्ज देऊन नकला घ्याव्या. जीर्ण झालेल्यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. आणि त्या गांवांतील वृद्ध माणसें हयात आहेत तोंवर तीं नांवें त्यांच्यापुढें वाचावीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत खडी फोडणाऱ्या ५० लाख माणसांचें दुसरें लिखित स्मारक फारसें नाहीं. त्यांचीं नांवें त्या पटांवरच आहेत. खरीं कोणतीं व खोटीं कोणतीं हें सांगणारे साक्षी मात्र दरवर्षीं कमी होत आहेत.